पॅनेल नामांकित, इन्व्हर्टर नामांकित. मधल्या जोडणीचं काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू झाली आणि गच्चीवरचं सोलर हा घरोघरचा विषय झाला. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. पॅनेल कोणत्या कंपनीचं घ्यावं, किती वॅटचं घ्यावं, सबसिडी खात्यात कधी पडते, नेट मीटर कधी लागतो, यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसदिवस खल चालतो. हातात आलेल्या कोटेशनमध्येही पॅनेल आणि इन्व्हर्टरचं नाव ठळक असतं. आणि तळाशी कुठेतरी एक ओळ असते: 'डीसी केबल, कनेक्टर व इतर साहित्य आवश्यकतेनुसार.'

मला बोलायचंय ते त्या ओळीबद्दल. चांगल्या पॅनेलवर कंपनी पंचवीस वर्षांची हमी देते, इन्व्हर्टरवर पाच ते दहा वर्षांची. या दोघांना जोडणारी वायर आणि कनेक्टर यांची वेगळी हमी सहसा कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. छपरावरच्या सोलरला लागलेल्या आगींचा जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा सारखं समोर आलं ते हेच: डीसी बाजूचे, म्हणजे पॅनेल ते इन्व्हर्टर या भागातले स्विच आणि कनेक्टर. आग लागणं ही क्वचितची गोष्ट आहे आणि तिच्या भीतीने सोलर टाळू नये, हे आधीच सांगतो. पण ही क्वचितची गोष्टही टाळता येते, आणि ती टाळण्याची किंमत काही हजारांच्या पुढे जात नाही.

पॅनेल काय देतं आणि घराला काय लागतं

पॅनेलमधून निघते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरातला पंखा, फ्रिज, मिक्सर चालतो एसीवर, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होणाऱ्या विजेवर. डीसीची एसी करणारा तो इन्व्हर्टर.

सध्या सर्रास बसतं ते ५४० वॅटचं पॅनेल घ्या. कडक उन्हात ते साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देतं. तीन किलोवॅटसाठी अशी सहा पॅनेल एकामागे एक, साखळीसारखी जोडतात. या साखळीला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगमध्ये व्होल्ट एकमेकांत मिळवले जातात, अँपिअर मात्र तेवढेच राहतात. म्हणजे गच्चीवरून खाली इन्व्हर्टरकडे येणाऱ्या दोन वायरींमध्ये अडीचशेच्या आसपास व्होल्ट आणि १३ अँपिअर असतात. दुपारी तासन्‌तास, रोज, पंचवीस वर्षं.

इन्व्हर्टर आणखी एक काम करतो, ते फारसं कुणाला माहीत नसतं. पॅनेलमधून किती वीज ओढायची हे तो सतत ठरवत असतो. विहिरीवर पंप चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. झऱ्याच्या मानाने उपसा जास्त झाला तर पाणी तळाला जातं आणि पंप हवा ओढतो. उपसा कमी ठेवला तर झऱ्याचं पाणी असून नसल्यासारखं. पॅनेलचंही तसंच. अँपिअर जास्त ओढले की व्होल्ट कोसळतात, कमी ओढले तर ऊन वाया जातं. ढग आला, गेला, दुपार कलली, की हा मधला बिंदू सरकतो आणि इन्व्हर्टर त्याच्या मागे सरकतो. या सोयीला एमपीपीटी म्हणतात. घराच्या पूर्वेच्या उतारावर काही आणि पश्चिमेच्या उतारावर काही पॅनेल असतील, तर दोन्हींचे बिंदू वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. म्हणून दोन वेगळ्या स्ट्रिंग करून त्या दोन वेगळ्या एमपीपीटींना द्याव्या लागतात. एकाच जागी कोंबल्या तर दोन्हींचं नुकसान.

थंडीच्या सकाळी व्होल्ट वाढतात

बहुतेकांना वाटतं, जितकं ऊन कडक तितका इन्व्हर्टरवर भार जास्त. व्होल्टच्या बाबतीत उलटं आहे. पॅनेल तापलं की त्याचे व्होल्ट उतरतात आणि गारठलं की चढतात. पॅनेलच्या मागे चिकटवलेल्या कागदावर जे आकडे असतात ते २५ अंश तापमानाचे असतात. ५४० वॅटच्या पॅनेलचे वीज न ओढता मोजलेले व्होल्ट साधारण ४९.५ असतात आणि तापमान एक अंशाने उतरलं की ते सुमारे पाव टक्क्याने, नेमकं सांगायचं तर ०.२७ टक्क्यांच्या आसपास वाढतात.

समजा, मोठ्या बंगल्यावर बारा पॅनेलची एक स्ट्रिंग केली आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट आहे. बाराने गुणलं की ५९४ येतात. 'बसतंय' म्हणून काम उरकलं. आता जानेवारीतलं निफाड डोळ्यासमोर आणा. पाच अंशांची पहाट, दव धरलेली गार पॅनेल, त्यावर पडलेलं पहिलं स्वच्छ ऊन आणि अजून वीज ओढायला न लागलेला इन्व्हर्टर. वीस अंशांच्या फरकाचे साडेपाच टक्के धरले तर तेच ५९४ व्होल्ट ६२६ होतात. इन्व्हर्टरच्या आतले भाग तिथेच जळू शकतात, आणि मर्यादा ओलांडल्याची नोंद मशीनमध्ये राहते, त्यामुळे हमीसुद्धा हातची जाऊ शकते. अकरा पॅनेल घेतली असती तर त्याच पहाटे ५७५ च्या आत राहिले असते. सहा पॅनेलच्या घरगुती प्रकल्पात हा धोका नाही. मोठ्या प्रकल्पात मात्र हा गुणाकार कागदावर करून दाखवा असं नक्की म्हणा.

अँपिअरचंही एकदा तपासावं. नव्या मोठ्या आकाराच्या काही पॅनेलचा शॉर्टसर्किट करंट, म्हणजे दोन्ही वायरी थेट टेकवल्यावर वाहणारा करंट, १८ अँपिअरपर्यंत जातो. गोदामात पडून राहिलेला जुन्या पिढीचा इन्व्हर्टर स्वस्तात मिळतो, पण तो तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

अंगठ्याएवढा काळा कनेक्टर

पॅनेलच्या मागून दोन वायरी निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला काळ्या प्लास्टिकचा कनेक्टर असतो. नर आणि मादी, एकमेकांत ढकलले की 'टक्' आवाज येतो आणि बसतात. बाजारात सगळेच त्याला एमसी-फोर म्हणतात. मुळात ते मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीचं, म्हणजे आजच्या स्टॉब्लीचं उत्पादन. आज तसे दिसणारे कनेक्टर डझनावारी कंपन्या बनवतात.

सहा पॅनेलच्या स्ट्रिंगमध्ये असे किमान नऊ सांधे येतात: पॅनेल ते पॅनेल पाच, स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांना खाली येणाऱ्या वायरीशी दोन, आणि इन्व्हर्टरपाशी दोन. पहिल्या पाचांची दोन्ही तोंडं कारखान्यात मशीनवर दाबलेली असतात. उरलेल्या चार सांध्यांचं एक तोंड तुमच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली, उन्हात घाईत उभ्या असलेल्या माणसाने बनवलेलं असतं. लक्ष ठेवायचं ते या चारांवर.

आत काय चालतं ते पाहू. चांगल्या सांध्याचा विरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अर्ध्या मिलिओहमपेक्षाही कमी असतो. तिथे किती उष्णता तयार होते याचं गणित सोपं आहे: अँपिअरचा वर्ग गुणिले विरोध. १३ चा वर्ग १६९. त्याला अर्ध्या मिलिओहमने गुणलं तर वॅटचा दहावा भागही भरत नाही. हाताला जाणवणारही नाही. आता हाच सांधा नीट न दाबल्यामुळे, गंजल्यामुळे किंवा अर्धवट बसल्यामुळे त्याचा विरोध ०.१५ ओहमवर गेला असं धरा. उष्णता होते २५ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटची असते, आणि ती धातू वितळवते. तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या बंद प्लास्टिकच्या डबीत, रोज दुपारी. प्लास्टिक मऊ पडतं, आतली स्प्रिंग ढिली होते, विरोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. वीजनिर्मितीच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही. तीन हजार वॅटमधून २५ वॅट गेले तर कुणाच्या लक्षात येणार?

सांधा बिघडवणाऱ्या सवयी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे पक्कड. वायरीचं टोक सोलून त्यावर धातूची पिन दाबून बसवायची असते, त्याला क्रिम्पिंग म्हणतात. त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं; पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही. साध्या पकडीने चेपलेली पिन बाहेरून ठीक दिसते, पण आत तांब्याच्या तारांमध्ये पोकळी राहते. पोकळीत दमट हवा शिरते, तांबं काळं पडतं. कोकण-गोव्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होतं. सोलरच्या वायरीतलं तांबं कथिलाचा मुलामा दिलेलं असावं ते म्हणूनच.

दुसरी सवय जास्त घातक, कारण तिच्यात चूक केली असं कुणाला वाटतच नाही. पॅनेलवर एका कंपनीचा कनेक्टर असतो, कंत्राटदाराच्या पिशवीत दुसऱ्याच कंपनीचा. दोन्ही 'एमसी-फोर'. आवाजही येतो, बसतातही. पण पिनेचा आकार, स्प्रिंगचा दाब, धातूचा मुलामा, रबरी रिंगेची जाडी यांत केसभर फरक असतो. पहिल्या वर्षी काही कळत नाही. रोज तापून रोज गार होणाऱ्या सांध्यात हा केसभर फरक तीन-चार वर्षांनी डोकं वर काढतो. 'कम्पॅटिबल' हा शब्द विकणारा वापरतो. मूळ कनेक्टर बनवणारी कंपनी अशा जोडणीची जबाबदारी घेत नाही. उपाय साधा आहे. पॅनेलवर ज्या कंपनीचे कनेक्टर आहेत त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे कनेक्टर खाली येणाऱ्या वायरीला लावायचे. इन्व्हर्टरच्या तोंडाशी वेगळ्या कंपनीचे असतील तर त्यांची जोडी सहसा इन्व्हर्टरच्या खोक्यातच मिळते. ती फेकू देऊ नका.

"पण काही झालं तर फ्यूज उडेलच ना?"

हा प्रश्न हमखास येतो. घरातला आपला अनुभव तसाच आहे: कुठे शॉर्ट झालं की एमसीबी फटकन खाली येतो. कारण महावितरणच्या तारेमागे प्रचंड ताकद उभी आहे. शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर धावतात आणि एमसीबीला ते कळतं.

पॅनेलमागे अशी ताकद नाही. ५४० वॅटचं पॅनेल नेहमी १३ अँपिअर देतं आणि त्याच्या दोन्ही वायरी एकमेकांना टेकवल्या तरी देतं १३.८ च्या आसपास. नेहमीचं चालणं आणि शॉर्टसर्किट यांत एका अँपिअरचाही फरक नाही. १५-२० अँपिअरच्या फ्यूजला काही बिघडलंय हे समजणार तरी कसं? एकाच स्ट्रिंगच्या घरगुती प्रकल्पात फ्यूज या कामाचा नाही. अनेक स्ट्रिंग समांतर जोडल्या असतील तर बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये बाकीच्यांचा करंट उलटा घुसू नये यासाठी तो लागतो, तेही महत्त्वाचंच. पण सैल सांध्यापासून तो वाचवत नाही.

"घरात २३० व्होल्ट असतातच, मग अडीचशेचं एवढं काय?"

फरक व्होल्टच्या आकड्यात नाही, डीसी-एसीत आहे. सांध्यात फट पडली की वीज हवेतून उडी मारते आणि ठिणगीची सलग ज्योत तयार होते. तिला आर्क म्हणतात. तिचं तापमान काही हजार अंश असतं. एसी वीज दिशा बदलताना सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, आणि प्रत्येक वेळी आर्कला विझायची संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. ऊन आहे तोवर आर्क जळत राहू शकते.

म्हणूनच डीसी बाजूला एसीचा एमसीबी लावणं हा सरळ गुन्हा म्हणावा असा प्रकार आहे. दोन्ही सारखेच दिसतात, एसीचा स्वस्त असतो. डीसीसाठी बनवलेल्या स्विचमध्ये आर्क खेचून लांबवण्याची आणि विझवण्याची खास रचना असते. शिवाय काही डीसी एमसीबींना प्लस-मायनस असतं. उलटे जोडले तर ती रचना कामच करत नाही.

आणि याच कारणाने वीज वाहत असताना कनेक्टर कधीही ओढून काढायचा नाही. पॅनेल धुवायला किंवा पत्रा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला हे माहीत नसतं. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी स्विच बंद, त्यानंतरच पुढचं काय ते, आणि तेही जाणकाराने. स्विच बंद केल्यावरही गच्चीवरच्या वायरीत व्होल्ट असतातच, कारण पॅनेलला बटण नाही. अग्निशमन दलाची मोठी अडचण हीच आहे. अमेरिकेच्या वीज संहितेने २०११ मध्ये आर्क ओळखणारी यंत्रणा आणि २०१४ मध्ये छपरावरच्या वायरींतले व्होल्ट झटकन उतरवणारी सोय आणली ती यामुळेच. आपल्याकडच्याही बऱ्याच नव्या इन्व्हर्टरांत आर्क ओळखायची सोय असते. सेटिंगमध्ये ती चालू आहे का, हे बसवणाऱ्याला विचारा.

पावसाळ्यातली सकाळ

जुलैतली गोष्ट. सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा. पडद्यावर 'लो इन्सुलेशन' किंवा 'आयसो फॉल्ट'. अकराच्या सुमारास ऊन पडलं की मशीन आपोआप सुरू होतं. फोन केला तर उत्तर मिळतं, 'साहेब, पावसात होतं असं.'

होतं, पण व्हायला नको. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी तपासतो की प्लस आणि मायनस या दोन्ही वायरींपासून जमिनीकडे वीज गळत तर नाही. गळत असेल तर तो मुद्दाम थांबून राहतो. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही. ते तुम्हाला हाक मारतंय. कुठेतरी कनेक्टरच्या मागची नट सैल आहे आणि पाणी आत शिरलंय, किंवा वायर उंदराने कुरतडलीय, किंवा अँगलच्या धारदार कडेवर घासून तिचं आवरण फाटलंय. ऊन पडल्यावर ते वाळतं, म्हणून दुपारी सगळं ठीक.

पावसात गच्चीवर जाऊन दुरून बघा (हात लावू नका): कनेक्टर स्लॅबवर साचलेल्या पाण्यात पडलेत का? कनेक्टर पाणी अडवतो, पण महिना-महिना बुडून राहायला तो बनवलेला नाही. त्यांना पॅनेलच्या खाली, सावलीत, अधांतरी बांधायला हवं. बांधायला वापरलेली प्लास्टिकची टाय साधी असेल तर दोन उन्हाळ्यांत उन्हाने तडकते आणि वायरी पुन्हा खाली. स्टीलची क्लिप किंवा उन्हाला टिकणारी टाय मागा. एवढ्याशा गोष्टीपायी पावसाळे वाया जाताना पाहून मला खरोखर हळहळ वाटते.

"वीज गेली की सोलरही बंद! मग उपयोग काय?"

बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाइट गेली की थांबतो, आणि त्याने थांबायलाच हवं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या तारेत तुमच्या गच्चीवरची वीज उतरेल. ही जोडणीतली चूक नाही. लाइट नसतानाही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

"प्रत्येक पॅनेलला छोटा इन्व्हर्टर लावला तर?"

मायक्रोइन्व्हर्टर नावाचा हा पर्याय खरंच आहे. पॅनेलखालीच एसी होते, त्यामुळे शेकडो व्होल्टची डीसी वायर गच्चीवरून फिरत नाही. झाडांची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल तर तो विशेष चांगला. पण खर्च जास्त, आणि सगळी इलेक्ट्रॉनिक्स तापलेल्या पॅनेलच्या पोटाखाली. विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात मी तरी सावलीतल्या भिंतीवर, हवा खेळती असलेल्या जागी लावलेला साधा इन्व्हर्टर पसंत करेन.

बसवणाऱ्याकडून काय मागायचं

काम सुरू व्हायच्या आधी कोटेशनमधली ती शेवटची ओळ मोकळी करून घ्या: केबल कुठल्या कंपनीची, किती चौरस मिलिमीटरची (घरगुती प्रकल्पाला बहुधा ४ पुरते), आयएस १७२९३ चा शिक्का असलेली का, कनेक्टर कोणते. डीसी, एसी आणि वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक यांचं अर्थिंग वेगवेगळं, तीन खड्ड्यांत आहे ना, हेही लिहून घ्या.

काम संपल्यावर, इन्व्हर्टर जोडण्याआधी, मल्टिमीटरने स्ट्रिंगचे व्होल्ट तुमच्यासमोर मोजायला सांगा. सहा पॅनेल असतील तर, अजून वीज ओढली जात नसल्यामुळे, ऊन आणि तापमानानुसार २७० ते ३०० च्या दरम्यान यायला हवेत. पन्नासने कमी आले तर एक पॅनेल जोडलंच गेलेलं नाही; समोर उणे चिन्ह आलं तर प्लस-मायनस उलटे झालेत. मग मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने वायर आणि जमीन यांच्यातलं इन्सुलेशन, आणि अर्थिंगचा विरोध. हे सगळे आकडे तारखेसह कागदावर सहीनिशी घ्या. पुढे कधी बिघाड झाला की त्यांच्याशी ताडून पाहता येतं. योजनेतल्या प्रकल्पांना पुरवठादाराने पाच वर्षं देखभाल द्यायची असते. दर वर्षी पावसाळ्याआधी त्याच मोजण्या पुन्हा करून घ्या, आणि एखाद्या कडक दुपारी थर्मल कॅमेऱ्याने कनेक्टर बघायला सांगा. तापलेला सांधा पडद्यावर पांढराशुभ्र दिसतो, शोधावा लागत नाही.

शेतातल्या सोलर पंपाचं काय?

तिथेही हेच, फक्त इन्व्हर्टरच्या जागी पंपाचा कंट्रोलर असतो. तो उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करतो. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४,८०० वॅटच्या आसपास पॅनेल असतात, म्हणजे व्होल्ट घरापेक्षा बरेच जास्त, आणि आसपास असतं ओलं शेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत हे पंप आता गावोगाव दिसतात. नांगरटीत किंवा उंदरांनी वायर उघडी पडली की शेतकरी सवयीने काळी चिकटपट्टी गुंडाळतो, कारण मोटारीच्या एसी वायरीला आजवर तेच चालत आलंय. सोलरच्या वायरीला ते चालत नाही. दुपारी अशा वायरीला हात लावू नका. कंट्रोलर बंद असला तरी तिच्यात वीज असते. कंपनीला कळवा आणि तो तुकडा बदलून, त्याच कंपनीच्या कनेक्टरने नव्याने जोडून घ्या. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतची वायर सुरुवातीलाच पाइपातून, जमिनीखाली पुरेशी खोल नेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही. पंप बसवायला माणसं आली की उभं राहून तेवढा चर खणून घ्या.